रिकाम्या कुत्र्याची रोजगार हमी

न्हावी रिकामा बसला की भिंतीला तुंबड्या लावतो, हे मराठी माणसाला लहानपणापासून पाठ असतं. कुत्रा रिकामा बसला की काय करतो, हे मात्र सोफा फाटल्याशिवाय ध्यानात येत नाही. मे महिन्यातलं नागपूर घ्या. पारा ४५ च्या आसपास, नवतपा लागलेला, सकाळी आठनंतर रस्त्यावर पाय ठेवायची सोय नाही आणि संध्याकाळी सातच्या आधी दार उघडायची हिंमत नाही. म्हणजे दिवसातले अकरा तास एक धडधाकट, चार पायांचा आणि ४२ दातांचा प्राणी दोन खोल्या आणि एका बाल्कनीत स्थानबद्ध. पहिले दोन दिवस तो कूलरसमोरची जागा बळकावतो आणि घरातली मंडळी त्याच्यापासून उरलेल्या वाऱ्यात भागवून घेतात. तिसऱ्या दिवशी झोप पुरी झालेली असते. मग तो उठतो, अंग ताणून आळस देतो आणि सोफ्याच्या मधोमध पाझर तलावाचं काम काढतो. चप्पलही खातो, पण जोडातली एकच, म्हणजे उरलेली टाकून द्यायला जीव होत नाही. संध्याकाळी घरात चौकशी बसते आणि निकाल ठरलेला असतो: कुत्रा खोडकर आहे, हट्टी आहे, लाडावलेला आहे, किंवा त्याची जातच तशी. माझ्या मते हे चारही निकाल चुकीचे आहेत. कुत्रा खोडकर नाही, बेकार आहे. आणि उन्हाळ्यातल्या बेकाराचं काय करायचं, हे निदान महाराष्ट्राला तरी कुणी शिकवायला नको.

वि. स. पागे यांनी चिकाटीने मांडलेल्या कल्पनेतून आणि १९७२ च्या दुष्काळाच्या धगीतून इथे रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे देशानेही तो धडा गिरवला. योजनेचं मूळ तत्त्व साधं होतं: नुसता शिधा वाटून भागत नाही, काम मागणाऱ्याच्या हाताला काम मिळालंच पाहिजे, आणि तेही मागणी केल्यापासून १५ दिवसांच्या आत. त्या माणसांच्या कष्टांशी फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरची बरोबरी करण्याचा इथे मुळीच हेतू नाही. ती माणसं रणरणत्या उन्हात खडी फोडत होती आणि हा कूलरसमोर लोळतो आहे. पण तत्त्व जसंच्या तसं लागू पडतं. कुत्रासुद्धा कामाची मागणी नोंदवतो, फक्त अर्ज पंजाने करतो. तो १५ दिवस थांबत नाही. १५ मिनिटं वाट बघतो आणि मग काम स्वतःच शोधून काढतो. त्याने शोधलेलं काम आपल्याला पसंत पडत नाही, एवढाच काय तो वाद.

‘मग बाहेर काढा आणि पळवा की त्याला!’ हा पहिला आक्षेप, आणि तो बहुधा स्वतः पहाटे पळून आलेल्या गृहस्थांचा असतो. गफलत अशी की आपण कुत्र्याला आपल्यासारखाच समजतो. आपल्याला अंगभर घाम फुटतो. कुत्र्याला तो पंजांच्या गाद्यांना तेवढा येतो, तोही नावापुरता. बाकी सगळा भार जिभेवर. तोंड उघडून धापा टाकायच्या, तोंडातली आणि नाकातली ओल वाफ होऊन जाते, तेवढं रक्त निवतं. म्हणजे ३० किलोंच्या देहाला एक जीभ एवढाच कूलर, आणि त्यातही पाणी वेळेवर भरावं लागतं. विदर्भात हवा कोरडी असल्यामुळे हा कूलर निदान चालतो तरी. मुंबई-रत्नागिरीला पारा ३४ वर अडला म्हणून कुणी खूश होऊ नये. तिथे हवाच ओलीचिंब असते, वाफेला जायला जागा नसते. ज्या कारणाने मुंबईत वाळ्याच्या ताट्यांचा काही उपयोग होत नाही, त्याच कारणाने तिथल्या कुत्र्याची जीभही थकते. निरोगी कुत्र्याच्या अंगात मुळातच ३८ ते ३९ अंश असतात. ज्या आकड्यावर आपल्याला ऑफिसातून रजा मिळते, त्यावर तो ठणठणीत असतो. ४१ च्या पुढे आकडा गेला की उष्माघात, आणि मग जवळचा दवाखानाही फार लांब वाटतो.

त्यात काहींनी पाळलेला असतो पग. २००३ च्या सुमारास हचच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग सगळ्या देशाने पाहिला, आणि त्याला धड श्वास घेता येतो का हे न विचारता घरोघर आणला. नाक चेहऱ्यात चेपून बसवलेलं. धाप टाकायची तर तीही अडखळत. हस्कीबद्दल काय बोलावं! बर्फात घसरगाडी ओढण्यासाठी घडलेला दुहेरी केसांचा कोट घालून तो अमरावतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि मालक त्याच्याबरोबरचे फोटो डिसेंबरात काढतात. डांबरी रस्त्याची तर परीक्षाच घ्यावी: हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून ठेवायची. ठेववत नसेल तर तो रस्ता पंजांसाठीही नाही. ‘पळवा’ म्हणणाऱ्यांनी ही परीक्षा अनवाणी द्यावी. निकाल जागच्या जागी लागेल.

दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. वाड्यातला कुत्रा उन्हाळाभर रांजणाशेजारच्या ओलीत पडून असायचा, त्याला कुणी खेळणी आणली नाहीत, त्याचं मन रमवायला कुणी बसलं नाही, आणि त्याने कधी काही फाडलंही नाही. मग आताच हे नवे लाड कशाला? यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. फक्त एक गोष्ट राहून जाते: हे सगळं कुत्र्याला दिवसा पाहून सांगितलेलं आहे. रांजणाशेजारी पडलेला तो प्राणी म्हणजे रात्रपाळी करून आलेला गिरणी कामगार होता. रात्रभर राखण, कोल्ह्यांशी वाद, शेजारच्या वस्तीवरच्या मंडळींशी हद्दीचा तंटा, पहाटे उकिरड्याची तपासणी, आणि मग हक्काची झोप. रस्त्यावरचा कुत्राही मे महिन्याच्या दुपारी उभ्या गाडीखाली मेल्यासारखा पडलेला दिसतो, पण रात्री एक वाजता त्याच रस्त्याने दुचाकीवरून जाऊन बघा, खातं पूर्ण क्षमतेने चालू असतं. फ्लॅटमधल्या कुत्र्याला मात्र रात्रीही झोप आणि दिवसाही झोप. वय वर्षं दोन, आणि सेवानिवृत्त. पेन्शन म्हणून दोन वेळा वाटीभर दाणे, बसल्या जागी. कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास खुशाल झोपतो, त्याला कुणी हरकत घेत नाही. प्रश्न उरलेल्या दहा तासांचा आहे. ज्याचे पूर्वज लातूर-सोलापूरच्या माळावर सशामागे सुटायचे, त्या कारवानीने हडपसरच्या वन-बीएचकेत या दहा तासांचं नेमकं काय करावं, याचं उत्तर वाड्यातल्या आठवणींत सापडत नाही.

काम द्यायचं हे ठरलं, तर कोणतं? इथे बहुतेक घरं चेंडूकडे वळतात. चेंडू हॉलमध्ये फेकला की पहिला टप्पा टीव्हीला, दुसरा देव्हाऱ्याला आणि तिसरा थेट आमटीत. शिवाय चेंडूमागे धावणं हे पायांचं काम, म्हणजे अंग तापवणारं. जे उन्हात नको म्हणून आत आलो, तेच आत करायचं. कुत्र्याचा कामाचा अवयव नाक आहे, आणि उन्हाळ्यात नेमकं तेच आपण घरी बसवतो. माणसाच्या नाकात वासाच्या पेशी साधारण ५०-६० लाख. कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. सकाळची फेरी म्हणजे त्याच्यासाठी व्यायाम कमी आणि वर्तमानपत्र जास्त असतं: प्रत्येक खांबावर ताजी बातमी, कोपऱ्यावर निधन वार्ता, सोसायटीच्या गेटवर अग्रलेख. उन्हामुळे ती फेरी दहा मिनिटांवर आली की आपण म्हणतो त्याचं चालणं कमी झालं. त्याचं वाचन बंद झालेलं असतं.

तेव्हा एक जुना टॉवेल घ्या. जमिनीवर पसरा, त्याच्याच जेवणातले मूठभर दाणे त्यावर विखरून टाका, सैल गुंडाळी करा आणि त्याच्यापुढे ठेवा. आधी तो तुमच्याकडे बघतो. चूक झाली असावी, बहुधा वाटी आणायची राहिली. मग नाक टेकतं. कुत्र्याच्या नाकपुड्यांच्या कडेला स्वल्पविरामासारख्या दोन चिरा असतात. हवा समोरून आत जाते आणि या चिरांतून बाजूला बाहेर पडते. त्यामुळे सोडलेला श्वास येणाऱ्या वासाच्या आड येत नाही, उलट खालचा वास ढवळून वर आणतो. हा भाता सेकंदाला पाचेक वेळा चालतो आणि टॉवेलची कड थरथरायला लागते. एखादा जुना सराफ डोळ्याला भिंग लावून बसावा, तसा त्याचा चेहरा होतो. पहिल्या घडीत दाणा सापडतो. दुसऱ्या घडीला पंजा घालून पाहतो, फसतो, शिंकतो. तिसऱ्या खेपेला शोध लागतो की गुंडाळी नाकाने पुढे ढकलली की आपोआप उलगडते. शेवटचा दाणा संपल्यावरही तो थांबत नाही. अख्खा रिकामा टॉवेल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा तपासतो, कारण मधल्या एका नोंदीबद्दल त्याला शंका असते. वाटीत हेच दाणे २० सेकंदांत संपले असते आणि उरलेली दुपार सोफ्याला गेली असती.

यावर तिसरा आक्षेप येतो: हे सगळं माणसाच्या समाधानासाठी आहे, कुत्र्याला त्याचं काय? कुत्र्याला विचारायची एक सोय शास्त्रज्ञांनी काढून ठेवली आहे. शार्लट ड्युरान्टन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाळीव कुत्र्यांना आधी शिकवलं की खोलीच्या एका बाजूच्या भांड्यात खाऊ असतो आणि दुसऱ्या बाजूच्या भांड्यात नसतो. मग भांडं मधोमध ठेवलं. आता हे भरलेलं की रिकामं? उत्साहाने जाणारा कुत्रा आशावादी, रेंगाळणारा निराशावादी. पुढचे दोन आठवडे काही कुत्र्यांना रोज वासाने शोधायचं काम दिलं आणि काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचं. पुन्हा तेच भांडं मधे ठेवलं तेव्हा वास घेणारे कुत्रे पूर्वीपेक्षा लवकर निघाले. शिस्तीत चालणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. दोन आठवडे हुंगायला मिळालं आणि प्राणी आशावादी झाला. मराठी मध्यमवर्गात इतक्या स्वस्तात आशावाद आणणारं दुसरं साधन ऐकिवात नाही.

कष्टाची भाकर गोड लागते, हेही नुसतं सुभाषित नाही. १९६३ साली ग्लेन जेन्सन याने उंदरांसमोर फुकटच्या दाण्यांचं भांडं ठेवलं आणि शेजारी दाबलं की दाणा पडणारी कळ ठेवली. बरेचसे उंदीर फुकटचं सोडून कळ दाबत बसले. हाच प्रकार नंतर कितीतरी प्राण्यांत दिसला. अपवाद एकच ठसठशीत: मांजर. १९७१ साली मांजरांवरच्या प्रयोगाचा निबंध निघाला आणि त्याच्या शीर्षकातच संशोधकांनी ‘मार्जारकुळाचा आळस’ असा उद्धार करून टाकला. कुत्रा या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. फुकटची वाटी समोर असताना काही कुत्रे कोडं सोडवायला घेतात, काही आधी वाटी चाटून पुसून घेतात. म्हणून वाटी समोर ठेवूच नये. कामाच्या बदल्यात धान्य, हीसुद्धा सरकारी परिभाषाच आहे. आणि काम नसलेला कुत्रा काय करतो याचा पुरावा थेट डेनव्हरहून येतो. तिथल्या जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड १९७० च्या दशकात दगड चावून चावून दात झिजवत होता. म्हणजे कुणी न सांगता त्याने स्वतःच खडी फोडायचं काम सुरू केलं होतं. मार्कहॅम एकदा जुन्या फोक्सवॅगन गाडीची दुरुस्ती करत असताना सस्पेन्शनमधला रबरी तुकडा फ्रिट्झच्या तोंडी लागला आणि दगड सुटले. त्याच आकाराचं पोकळ रबरी खेळणं ‘काँग’ नावाने आज जगभर विकलं जातं. पोकळीत खाऊ कोंबायचा, कुत्रा तो काढत बसतो.

आपल्याकडे तेही विकत आणायची गरज नाही. परदेशी पुस्तकं केकच्या खळ्यांच्या साच्यात दाणे टाकून वर चेंडू ठेवायला सांगतात. आपल्या घरात आप्पेपात्र आहे. ते एकदा कुत्र्याला दिलं की पुन्हा ओट्यावर येणार नाही, असा आजीचा विशेषाधिकार तेवढा मान्य करावा आणि वेगळं घ्यावं. बाजारात वास घेण्याच्या चटया मिळतात; जुन्या गोधडीच्या चुण्यांत दाणे दडवले की तेच काम होतं, आणि गोधडीला अख्ख्या घराचा वास असतो, हा वरचा नफा. ऑनलाइन खरेदीचे खोके घरात ढिगाने येतात; चिकटपट्टी आणि पिना काढून त्यात रद्दीचे बोळे भरा आणि बोळ्यांत चार दाणे. रविवारच्या पुरवणीचा इतका कसून अभ्यास वाचकही करत नाहीत. बिनमिठाचं, बिनफोडणीचं पातळ ताक वाटीत गोठवून द्या, चाटण्यात अर्धा तास जातो. कलिंगड बिया काढून, आंबा कोयीशिवाय. कोय गिळली तर ती काढायला शस्त्रक्रियाही लागू शकते. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट नको म्हणजे नको. कांदा मराठी स्वयंपाकाचा प्राण असला तरी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तो फोडतो, तेव्हा कालची भाजी ‘लपवून ठेवायचा खाऊ’ म्हणून वापरू नये. आणि जे द्याल ते रोजच्या मापातूनच. मजुरीच्या नावाखाली दुप्पट धान्य उचलण्याचे प्रकार कुठल्याही योजनेला बुडवतात.

‘खोकं फाडायला दिलं तर उद्या सोफाही फाडेल’, ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. ज्या कुत्र्याला आपल्या मालकाच्या आणि शेजाऱ्याच्या स्कूटरचा आवाज वेगळा कळतो, कोणता पाहुणा बिस्किट देतो आणि कोणता नुसता ‘हाड’ म्हणतो हे कळतं, त्याला पुठ्ठा आणि सोफा यांतला फरक कळणार नाही असं मानणं त्याचा अपमान आहे. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी चेसर या बॉर्डर कॉली कुत्रीला १०२२ वस्तूंची नावं शिकवली; २०११ साली त्याचा शोधनिबंध आला. आपल्या घरातही ‘बॉल कुठे आहे?’ ‘आई कुठे आहे?’ इथून सुरुवात करता येते. आई पडद्याआड लपली की लपंडाव झाला आणि पंख्याखाली झाला. उलट दिशेचा खेळ, म्हणजे त्याने मोजा पळवायचा आणि आपण ओरडत मागे धावायचं, तो बंद करावा. कुत्र्यामागे धावण्याचा एकच आदर्श आपल्या परंपरेत आहे: नामदेव भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा सांगतात. ते वाढायला धावले होते. आपण हिसकावायला धावतो, आणि कुत्र्याच्या दृष्टीने तोच घरातला सगळ्यात रंगलेला खेळ ठरतो.

राहता राहिले दोन अतिरेक. एक, ज्यांना वाटतं की यापेक्षा ट्रेडमिल बरी. एसीत ट्रेडमिलवर रोज पळवलेला कुत्रा दमतो हे खरं, पण महिन्याभरात त्याचा दम वाढतो आणि घरात पूर्वीइतकाच कंटाळलेला, फक्त जास्त तंदुरुस्त प्राणी तयार होतो. सोफ्याला हा बदल सोसत नाही. दुसरा अतिरेक नव्याने दीक्षा घेतलेल्यांचा: दहा मिनिटं वास घेणं म्हणजे तासभर चालणं, असली कोष्टकं ते फ्रिजवर चिकटवतात आणि दिवसाला आठ कोडी सोडवून घेतात. असल्या कोष्टकांवर माझा विश्वास नाही. सकाळी साडेपाचची फेरी आणि रात्रीची फेरी ही हवीच. घरातलं काम मधल्या पोकळीसाठी आहे, दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटं, मग झोप. काम करतानाही जीभ चमच्यासारखी पसरून लोंबायला लागली, धाप थांबेना, तर काम बंद. साधं पाणी, ओल्या फरशीवर पंखा, आणि तरी उतरेना तर डॉक्टर. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: दाणे वाटीत ओतायला पाच सेकंद लागतात, टॉवेलमध्ये गुंडाळायला तीस. उरलेला फोम सोफ्यात परत भरायला किती लागतात, हे ज्याचं त्याला ठाऊक.

विदर्भात पाऊस जूनच्या मध्याला पोचतो. तोवर ती जुनी गोधडी धुवायला टाकू नका. काम चालू आहे.